नवतपा, गोळीबार चौक

नवतपा लागला त्या दिवशी
ट्यूबमधून काढलेला निळा
चाकूने उचलेपर्यंत सुकला.
ऑइल असतं तर थांबलं असतं बिचारं आठवडाभर.
ॲक्रिलिकला तेवढा दम नाही.
शेहेचाळीस डिग्रीत तर
मी ब्रश धुवायला वळले, तेवढंही त्याला पुरलं.

म्हणून ब्रश ठेवूनच दिले.
पुट्टीचं पातं, दात पडलेला कंगवा,
मुदत संपलेलं एटीएम कार्ड,
कॉटन मार्केटातली नारिंगी जाळी,
जिच्यातून संत्री नाही, कांदे आले होते घरी.
ओल्या थरावर ती अंथरायची, तळव्याने दाबायची
आणि श्वास धरून एका कोपऱ्यातून उचलायची.
दहातली सात वेळा
रंगही तिच्यासोबत निघून येतो.

इतवारीत मॉडेलिंग पेस्ट मागितली
तर दुकानदाराने फेविकॉलचा डबा पुढे सरकवला.
मग रांगोळी घेतली, पांढरी, दोन किलो.
बाई म्हणाली, दिवाळीले टाईम आहे ना अजून.
घरी येऊन जेलमध्ये घोटली.
तुपासारखी रवाळ हवी होती,
झाली पिठल्यासारखी, गुठळ्यांची.
गुठळ्या राहू दिल्या.

भेगा मात्र मागूनच घेतल्या होत्या :
जाड थर द्यावा, वाट पाहावी.
वाट पाहायला लागलीच नाही.
जेवून येते तो सगळा कॅनव्हास तडकलेला,
आणि नेमका तिथे,
जिथे पिवळा मला गप्प ठेवायचा होता.

एक सकाळ चांगली गेली.
काचेवर रात्री ओतलेला रंग
सायीसारखा अख्खा सुटून आला.
खिडकीपाशी धरला. पलीकडचे विजेचे तार दिसत होते त्यातून.
नुसता रंग. मागे कापड नाही,
चित्र नाही, माझं काही म्हणणं नाही.
दुपारपर्यंत दोरीवर वाळत घातला होता,
मोज्यांच्या शेजारी.

खाली देवराव हेडाऊंचं कूलरचं दुकान.
पाचव्या दिवशी वर आले, ताट्या बदलायला.
जुनी ताटी ओढून काढली तर
तीन उन्हाळ्यांचं बोअरचं पाणी तिच्यावर गोठलेलं :
पांढरं, पिवळसर, कडेला गंजाचा तांबूस,
काडी न् काडी क्षाराने मढलेली.
हे फेकून राहिलो मी, म्हणाले.
नका फेकू, मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी ताटी ठेवली, माझ्याकडे पाहिलं,
मग कॅनव्हासकडे,
आणि न विचारता त्यावरून अंगठा फिरवला.
डावीकडून उजवीकडे, सावकाश,
धोतराचा पोत पाहावा तसा.
एका जागी थांबले.
इथं बाणा ढिला पडला तुमचा, मॅडम.
तिथेच मी घाई केली होती.
त्या कोपऱ्यात, रविवारी, फोन आला म्हणून.

माग कधीचा विकला, भंगारात, जिना उतरता उतरता सांगत होते,
किलोच्या भावाने.
अंगठ्याचं काही बोलले नाहीत.

मग चार दिवस त्या ताटीमागे लागले.
मीठ टाकून पाहिलं, भुसा, प्लास्टर,
चुन्याची निवळी स्पंजने टिपून पाहिली.
सगळं केकवरच्या आयसिंगसारखं दिसतं.
ताटी भिंतीला टेकून उभी,
तिला काही सिद्ध करायचं नाही.

आज नव्या ताट्यांतून ओली हवा येते,
वाळ्याचा वास, थोडा मोटरचा.
अर्धा तास झाला, निळा अजून ओलाच आहे.
एवढा वेळ मिळाल्यावर काय करतात
ते मी विसरून गेले आहे.
खालून हेडाऊ विचारतात,
पाणी बरोबर उतरून राहिलं का मॅडम?
उतरतंय, म्हणते मी,
आणि त्या ढिल्या कोपऱ्यापाशी
अंगठा नेऊन
अजून टेकवलेला नाही.