नळाची फुसफूस

नरसिमलू इरबत्तीनं कोरड्या नळाला मोबाइल लावला,
म्हणाला, "ऐका, आपले नगरसेवक बोलतायत."
दोन लाखांनी पाहिलं.
सुरतेतून हसले, भिवंडीतून बदाम आले,
दुबईहून कोणी लिहिलं, अण्णा, तूच.

अण्णा उभा राहिला. अपक्ष. चिन्ह शिट्टी.

समोरचा मोबाइलवर नव्हताच कुठं.
पण विडी घरकुलात कुणी गेलं
की तिरडीचे बांबूसुद्धा
त्याच्याआधी पोचायचे नाहीत.

अण्णाला पडली तीनशे बारा,
त्यातली चार घरची.

मीच तो व्हिडिओ
पानं कातरता कातरता
अकरा जणींना पाठवला होता.
मतदानादिवशी कारखान्यातून आले
तर पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं.
सहापर्यंत घागरी भरत बसले.

नळ तेवढा वेळ
एकदाही फुसफुसला नाही.