पान एकसष्ट

गुरुजींची हिरवी लोखंडी ट्रंक
जिंतूरच्या बसस्टँडसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात,
काउंटरखाली. घरी सुनेला झुरळांचं भ्या.
आत एकशे चाळीस नाटकं, सगळी पूर्ण लांबीची.
एकांकिका मागायला आलेल्याला गुरुजी
पाणी पाजून परत पाठवायचे.

सोबत एक वही. वहीत रकाने:
अंक किती, पुरुष किती, बायका किती,
एका घरात भागतं की मधे बाजार उभा करावा लागतो,
गाणी असली तर नुसत्या पेटीवर निभतं का,
लेखकाची परवानगी कुठून, मानधन किती.
आणि कडेला गुरुजींचा शेरा, पेन्सिलीनं:
'पाऊस दाखवू नये, सभागृहाचे पत्रे वाजतात.'
'नायक जाड चालेल.'
'तिसऱ्या गाण्याला लोक उठतात. चहा तेव्हाच.'

चारठाण्याहून यायचे, बोरीहून, औंढ्याहून.
'कमी बायकांचं हाय का काही?'
तीस वर्षं पहिला प्रश्न हाच.

मी स्वतः नाटक पाहिलं नव्हतं एकही.
पडदा नऊला, माझं शटर शेवटच्या गाडीनंतर.
पण काचेवरून गेलंय सगळं.
हिरवा उजेड या टोकाहून त्या टोकाला सरकतो
तेवढ्यात एक वाक्य वाचून होतं.
'आता या घरात कुणी दिवा लावू नका.'
कोण म्हणतं, कुणाला,
कळायच्या आत पान पालथं.
अशी पुष्कळ वाक्यं आहेत माझ्याकडे,
बेवारस.

गुरुजी गेले त्या वर्षी अंगणवाडीच्या बाया आल्या.
पुढं अयोध्याबाई घुगे, मागं नऊजणी,
आणि खाजाभाई पेटीवाले, गडीमाणूस तेवढा एकच.
'लई बायका असलेलं बगा,' अयोध्याबाई म्हणाल्या.
वही चाळताना दोन गाड्या लागून सुटल्या.
निघालं एक. संगीत. बायका दहा, पुरुष एक,
तोही अंथरुणाला खिळलेला.
शेरा: 'उत्तम. पण करणार कोण?'

एकशे बारा पानं, अकरा प्रती. वीज दोनदा गेली.
रात्री मूळ प्रत ट्रंकेत ठेवताना
साठाव्या पानाला चिकटलेलं एकसष्टावं निघालं.
कुणाचा तरी जुना चहा.
म्हणजे अकराही जणांकडे ते नव्हतंच.
उद्या सांगू म्हणालो. मग परवा.
तालमी सुरू झाल्या, कुणी विचारायला आलं नाही,
आणि मीही, खरं सांगतो, गप्प बसलो.

परभणीला प्रयोग. दुकान बंद ठेवून गेलो,
पान घडी करून खिशात.
त्या पानावर थोरली नवऱ्याच्या पायाशी बसते
आणि माफी मागते. चौदा ओळी. हुंदके कंसात.

ती जागा आली.
खाजाभाई पलंगावर, मांडीवर पेटी,
कारण आजारी माणसानंच साथ करायची असं त्यांनी ठरवलेलं.
अयोध्याबाई जवळ गेल्या. चादरीचं टोक खोचलं.
थांबल्या.
माझा हात खिशावर.
मागं कुणीतरी पोराला चापट मारून गप्प केलं.

मग म्हणाल्या, रोज म्हणतात तशा आवाजात,
'गोळ्या उशाला हायत. भाकरी झाकलीय.
मी चालले.'
आणि विंगेत निघून गेल्या.

खाजाभाईंना काय करावं सुचेना.
एक सूर धरून बसले,
भाता संपेपर्यंत.
टाळ्या पडल्या नाहीत. लोक दाराकडे बघत होते,
ती गेली त्या बाजूला.

यंदा सोनपेठची पोरं आली, तेच नाटक पाहिजे म्हणून.
साठ पानं काढली. एकसष्टावं काचेवर ठेवलं,
झाकण लावलं, परत उघडलं.
ते ट्रंकेत गेलं.
त्याच्या जागी एक कोरा कागद घातला,
आणि हिशेब एकशे अकरा पानांचाच केला.