उलटी अक्षरं

सेलूच्या जिनिंगमागं, पत्र्याच्या शेडमध्ये
गंगाराम चिद्रावार दगडावर उलटं लिहायचे.
दिवसा आडतीच्या पावत्या:
सरकी एवढी, हमाली तेवढी, तोलाई वेगळी.
मी बारा वर्षांचा. शाईचा रूळ माझ्याकडं,
हात कोपरापर्यंत काळे.

सहाचा भोंगा झाला की ते आतून कडी लावायचे,
आणि मग उरलेल्या दगडावर
त्यांचं स्वतःचं उलटं सुरू व्हायचं.
ओळीतून वेल निघायचा, वेलातून माणूस,
माणसाच्या पाठीतून ज्वारीच्या पात्यासारखे पंख,
आणि वेलांट्यांना लोंबकळणारी
इवली इवली नागडी लेकरं.
मी विचारलं, हे कोण?
म्हणाले, तुला बोलायचं असतं अन् तू बोलत न्हाईस, ते.

दगडावर चरबीची शाई, वरून ओला बोळा.
चरबी म्हणते पाणी नको,
पाणी म्हणतं चरबी नको.
"ह्या नकोमधूनच अक्षर उठतं, बाळ.
दोघांचं पटलं असतं
तर जग कोरा कागद राह्यलं असतं."
हे ते देवळात कधी बोलले नाहीत.
देवळात ते जातच नसत.
विचारलं तर म्हणायचे,
देव पलीकडून लिहितो, आपण अलीकडून वाचतो,
म्हणून सगळं उलटं दिसतं.
छापून झाल्यावर बघू.

रंग नरसाबाई भरायच्या.
त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कोणत्या ओळीला हळद
आणि कोणत्या ओळीला नीळ, हे त्याच ठरवायच्या.
एकदा देवाचे पाय तसेच पांढरे ठेवले.
चिद्रावार म्हणाले, राह्यले की.
त्या म्हणाल्या, चालून मळतील आपोआप.
ते कितीतरी वेळ चित्राकडं बघत बसले.
मग पुढच्या प्रत्येक पानावर
पाय कोरेच.

दगड एकच चांगला होता.
सहा प्रती निघाल्या की
दुधनेची वाळू टाकून मी तो घासायचो,
पंख, लेकरं, कविता,
सगळं राखाडी पाणी होऊन मोरीत जायचं,
कारण सकाळी पावत्या हव्या असत.
मला रडू यायचं. त्यांना नाही.

पण दगड विसरत नाही सगळं.
झांबडशेठ एक दिवस पावती नाचवत आले:
कापूस अडीच क्विंटल, आणि खाली
आकड्यांच्या मधून आरपार
पंखाचा पुसट सांगाडा.
"हे काय छापलंय?"
चिद्रावारांनी चष्मा वर केला.
"तुमचंच असंल शेठ. वजनात धरलं नव्हतं."
शेठ हसले नाहीत. पण पावती
बदलूनही मागितली नाही.

प्रेस गेली. ते गेले, नरसाबाई गेल्या,
सहा प्रतींतली एक माझ्याकडं, वाळवीनं कडा खाल्लेली.
दगड मागच्या गल्लीत, शकीलाबींच्या मोरीत,
धुणं आपटायला.

परवा सहज उभा होतो.
बादली ओतून त्या म्हणाल्या,
बघा ना भाऊ, इतकी वर्षं घासते,
ह्या कोपऱ्याला पाणी धरतच नाही.
मी वाकलो.
सगळा दगड ओला, आणि मधे
हाताएवढी जागा कोरडी,
खाली पाच बोटं,
पायाची.