पुढच्या अर्धविरामापर्यंत

तार्तूचं संगणक केंद्र तळघरात होतं तेव्हा
विर्वे कोप्पेल रोज संध्याकाळी
भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा
रबर लावून खिडकीतून आत द्यायची.
उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी.
उत्तर म्हणजे बहुतेकदा एकच ओळ:
कार्ड ४१. चूक. थांबलो.

एका स्वल्पविरामाची एक रात्र.
तो घालून पुन्हा गठ्ठा, पुन्हा खिडकी, पुन्हा सकाळ:
कार्ड ४३. चूक. थांबलो.
दोन कार्डं पुढे सरकायला दोन दिवस,
आणि तिकडे एमायोगी नदीवरचा बर्फ
कुणालाही न विचारता वितळून चाललेला.

मग तिनं न थांबणारा पार्सर लिहायला घेतला.

पण अडखळलेल्याला नुसतं पुढे ढकललं
की तो दिसेल त्याला चूक म्हणत सुटतो.
एक कंस मिटायचा राहिला,
यंत्रानं एकशे अठरा चुका छापल्या.
कागद टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत.
एक ना धड.
साप एवढासा, आणि भुई सगळी धोपटून काढलेली.
तो कागद ती घरी घेऊन आली.
त्याच्या कोऱ्या बाजूवर
मी वसंतापर्यंत घोडे काढत होते.

शेवटी तिनं वहीत लिहिलं (वही माझ्याकडे आहे):
ओरडायचं ते एकदाच.
मग तोंड मिटून समोर येईल ते सोडत जायचं
अर्धविराम दिसेपर्यंत.
तिथं पाय टेकायचा.
पुढचं वाक्य नव्यानं ऐकायचं,
मागचा राग त्यात आणायचा नाही.

आणि समासात, पेन्सिलीनं:
किती सोडायचं?
कमी सोडलं तर खोट्या चुका.
जास्त सोडलं तर खऱ्याही जातात.
खाली दोनदा रेघ. उत्तर नाही.

कधी ती हरवलेलं चिन्ह स्वतःच घालायची,
कार्डाला हात न लावता, यंत्राच्या मनात:
समजा, इथं कंस होता.
समजा.

सोळाव्या वर्षी एका रात्री उशिरा घरी येऊन
मी दारातच बोलायला लागले.
वडिलांबद्दल, त्या नार्वाच्या पत्राबद्दल,
तिच्या तळघराबद्दल, जे तिला
आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.
वाक्यं धड नव्हती. एकाचं क्रियापद दुसऱ्याला.
ती ऐकत होती, किंवा सोडत होती.
मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली,
बूट ओले आहेत. शेगडीपाशी ठेव.

तिथून आम्ही पुढे गेलो.
चाळीस वर्षं गेलो, तशी बरीच बरी.

आता तेच काम माझं.
फक्त रात्र उरलेली नाही.
लिहिणारा एकेक अक्षर दाबतो
आणि प्रत्येक अक्षरागणिक मला त्याचं सगळं पुन्हा वाचावं लागतं,
उघडे कंस, अर्धी नावं,
जन्मभर बहुतेक वेळ मोडकाच असतो प्रोग्रॅम,
पुरा होतो तो क्षणभर, आणि लगेच कुणीतरी त्यात बोट घालतं.

परवा आईला समजावत होते.
चौऱ्याऐंशीची आहे, कान कमी, मुद्दा अजून पकडते.
म्हटलं, आम्हीही तसंच सोडत जातो, खुणेपर्यंत.
पण सोडलेलं फेकत नाही.
जसंच्या तसं, मोकळ्या जागांसकट,
एका फांदीला बांधून झाडातच ठेवतो.
अर्थ लागला नाही, एवढंच वर लिहितो.
पुढेमागे कुणाला बघायचं असलं तर असतं.

सगळं?
सगळं.

ती बराच वेळ
टेबलावरच्या मेणकापडाची घडी सरळ करत राहिली.
मग म्हणाली,
आमच्याकडे तेवढी मेमरी नव्हती गं.