जुनी ट्यूब

पायांची काही तक्रार नव्हती.
नांदोऱ्याच्या चढावर अजूनही
सीटवरून न उठता जात होतो,
अडुसष्टाव्या वर्षी,
मागे कॅरिअरला ढेपेचं पोतं असलं तरी.

पडलो तो सपाटीवर.
कालव्याच्या रपट्यावर गिट्टी उखडलेली,
हँडल थरथरलं आणि
हातातून निघून गेलं,
दाव्यातून वासरू जातं तसं.

याच हातांनी मी बैल पाडलेत.
छत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
दोराचे दोन फास, एक हिसका,
आणि चार क्विंटलचा गोऱ्हा डॉक्टरसमोर आडवा.
लोक म्हणायचे, मेश्राम आला म्हणजे
बैलाले आधीच समजते.

सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या पोरीनं
माझा दंड दोन बोटांत धरला,
बाजारात दोडका पाहतात तसा.
म्हणाली, "काका, पाय पन्नाशीचे आहेत.
हात मात्र तुमच्या आजोबांचे."
मग कागदावर चित्र काढून दिलं:
भिंत. माणूस. बाण.

भिंतीपासून दोन पावलं लांब,
तळवे खांद्यांच्या रेषेत,
छाती भिंतीकडे न्यायची, परत आणायची.
दहा वेळा. श्वास रोखायचा नाही.
मी गोठ्याच्या भिंतीला लागलो.
विमल शेण उचलता उचलता थांबली.
"काऊन जी, भित पाडता का?
कालच सारवली मी तिले."

दुसऱ्याला लिटरच्या दोन बाटल्या,
खुर्चीवर बसून वर, सावकाश खाली.
तिसऱ्याला रबराचा पट्टा लागतो म्हणाली,
चारशे रुपयांचा, नागपूरला मिळतो.

माळ्यावर जुनी ट्यूब होती.
कापली, कडुनिंबाला अडकवली,
दोन टोकं दोन मुठींत,
कोपरं अंगाला चिकटवून मागे ओढायची,
खांद्याची पाती एकमेकींना भेटेपर्यंत.

ट्यूबला एकोणीस ठिगळं.
ओढली की एकेक रुंद होत जातं.
हे विरुळच्या बाभळीचं.
हे खुरकुताच्या साथीतलं,
रात्री, टॉर्च दातांत धरून मीच लावलेलं.
हे टाकरखेड्याच्या लग्नात, मांडवाचा खिळा.
हे कशाचं, आठवत नाही.
तिथं मोजणी चुकते. परत एकपासून.

दोन आठवडे काहीच नाही,
फक्त दुखणं, जिथं आधी नव्हतं तिथं.
डोमाजी म्हणाला, "सोड न बाप्पा, मोपेड घे."
डोमाजीकडे मोपेड आहे. आणि पोट.

हवा भरायला आता चौकात जात नाही.
पंप पायाखाली धरतो, अंगणातच,
चाळीस दाब पुढच्याला, पंचावन्न मागच्याला.
विमल म्हणते, हा फुसफुस आवाज
तुमचा का पंपाचा, समजत नाही.

काल रपट्यावर परत गेलो.
गिट्टी तशीच, कोणी काही केलं नाही.
कोपरं जरा सैल ठेवली, तिनं सांगितल्यासारखी,
हँडल आवळलं नाही, नुसतं धरलं.
थरथर मनगटात आली, कोपरापर्यंत आली,
खांद्यात शिरली आणि तिथंच बसली,
ओळखीच्या घरी बसावं तशी.

समोरून रामटेके मास्तर चालत येत होते.
वर्षभर त्यांना मान हलवून भागवत होतो,
हात सोडायची हिंमत नव्हती.
त्यांना वाटलं असेल, मेश्राम माजला.
काल उजवा हात हँडलवरून उचलला,
पुरता, डोक्याच्याही वर,
"जयभीम, मास्तर!"

मास्तर थांबले. छत्री डाव्या हातात घेतली.
तोवर मी पुढं निघून गेलो होतो.
मागून आवाज आला,
"अबे, हळू!"