घडी

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
सत्तम्मा गुंडेटी टॉवेलच्या घड्या घालते.
बारा झाले की गाठ, मग पुढचे.
या खेपेचे पांढरे, जाड, काठाला निळा धागा.
युरोपातल्या कुठल्या सरकारी दवाखान्याचे.

सुपरवायझर सांगत होता,
तिकडं पेशंटला बिल येत नाही,
म्हातारपणी पेन्शन घरपोच,
मागावीसुद्धा लागत नाही.

सत्तम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटली.
मग मराठीत, मला:
"आधी कुणीतरी मागितली असंल की.
एखादी बाई. अशीच, पाय सुजलेली.
आपलं मागावर गेलं सगळं,
मागायचंच राहिलं."

मी गप्प. माग धडधडत असताना
गप्प राहणं सोपं असतं.

एकोणीस वर्षं.
हजेरीवहीत अजून पेन्सिलीनं तिचं नाव.

सोमवारी तिनं खाडा केला.
पीएफ ऑफिसच्या पायरीवर बसली सकाळपासून,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
पिशवीत एकोणीस दिवाळ्यांची
बोनसची रिकामी पाकिटं,
पुरावा म्हणून.

खिडकीतल्या माणसानं विचारलं,
अर्ज कुणाचा?
"माझा," म्हणाली.
मग मागं न बघता,
"आणि हिचा."

तेव्हा कुठं मी
भिंतीपासून सुटून
रांगेत उभी राहिले.