नववी फेरी

दसरा झाला की व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडेला
टेबल मांडतात, सहा संघ, सहा खुर्च्या,
आणि सातवी, एका पायानं लंगडी, माझी.
वही माझी. बिस्किटांचा पत्र्याचा डबाही माझाच.
चिठ्ठ्या टेबलावर ओतायच्या, कुणी उचलली की नाव उतरवायचं.
अठ्ठावीस वर्षं मी लिहितोय देवनागरीत,
शेजारी मडिवाळर मास्तर कानडीत,
आणि एखादं पोर दोन वह्यांत दोन वेगळी पोरं निघालं
तर आम्ही चहा मागवतो.

पहिल्या फेरीत काय होतंय ते सांगायला नको.
सेंटर फॉरवर्ड. सगळ्यांना तोच पाहिजे.
मागल्या हंगामात अकरा गोल, केस मागं वळवलेले,
कॅम्पातला असला तर बूटही बरे.
मग त्याचा जोडीदार,
मग पेनल्टी कॉर्नरवर दणका देणारा कुणीतरी,
आणि तोवर वडे येतात.

बॅक निवडतात वडे खाताना.
म्हणून माझ्या वहीत बॅकच्या नावांवर
तेलाचे डाग आहेत.
परशराम हलगेकर, खानापूर, कौलांची भट्टी,
त्याचा डाग सर्वांत मोठा.
माणूस जाऊ द्यायचा, चेंडू नाही, एवढंच त्याला येत होतं.
सात वर्षं पुरलं.

लेफ्ट हाफ कुठं मिळतो हो, परवा एका नव्या मॅनेजरनं विचारलं.
लॅपटॉप होता त्याच्यापाशी, रंगीत रकाने.
वडगावात जा की, म्हटलं, मागावर,
रात्रपाळी सुटायच्या आधी.
मान न हलवता ज्याची नजर
धोट्याबरोबर जाते आणि धोट्याआधी परत येते,
तो.
त्यानं ते टाइप केलं नाही.

गोलकीपरचं मात्र वेगळंच.
त्याला मोजतात ते त्याच्या हातून सुटलेल्यांनी.
अडवलेले कुणी लिहीत नाही. मीसुद्धा नाही.
वहीत तसा रकानाच नव्हता.

त्या वर्षी नववी फेरी संपली, सगळे उठले,
मंडपवाला दोऱ्या सोडायला लागला.
डबा पुसायला घेतला तर तळाला एक चिठ्ठी,
तेलानं चिकटलेली.
बसाण्णी तळवार. उद्यमबाग. फाउंड्री.
ह्याला कुणी नको म्हटलं नाही हो,
ह्याला कुणी बघितलंच नाही की, मास्तर म्हणाले.
मी नियम वाचून दाखवला:
उरलेला, ज्याच्याकडं माणूस कमी त्याला.
असा नियम नव्हता.
मी कोऱ्या पानावरून वाचत होतो.

ड्युटीवरनं थेट यायचा तो, हातांवर ठिणग्यांची जुनी टिंबं.
चेंडू अंगावर येताना त्याचे डोळे मिटत नसत.
लोखंडाच्या रसापेक्षा गारच असतोय, म्हणाला एकदा,
आणि चार हंगामांत तेवढंच म्हणाला.
संघ जिंकला असं मी सांगणार नाही.
तिसरा आला. एकदा चौथा.

पण पुढच्या वर्षी मी पट्टीनं एक रेघ जास्त ओढली,
अडवलेल्यांसाठी.
रकान्याला काय नाव द्यावं ते सुचेना.
मास्तरांनी वही ओढून घेतली, कानडीत काहीतरी लिहिलं.
मला ते वाचता येत नाही,
खरं भरता येतंय.

यंदा टेबल गेलं. पडदा लावलाय,
नावं आपोआप उमटतात, किमतीसकट,
शेवटचं उमटलं की पडदा काळा होतो
आणि पोरं टाळ्या वाजवतात.
डबा मी नेतोच, सवयीनं.
सगळे गेल्यावर उलटा धरतो,
तळावर बोटं मारतो.
मास्तर चष्मा काढून थांबलेले असतात.
काही पडत नाही.
अजून एकदा मार की, म्हणतात.